मूळ, चीक आणि पान : कुंडीतल्या रबरवृक्षाची कुळकथा

बडोद्याच्या नावातच वड आहे. 'वटोदर', म्हणजे वडांच्या उदरात वसलेले गाव, अशी या नावाची व्युत्पत्ती सांगितली जाते आणि येथे पिढ्यान्‌पिढ्या स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनीही ती आपलीशी केली आहे. अशा या गावात आज घरांच्या दिवाणखान्यांत, बँकांच्या दालनांत, दवाखान्यांच्या प्रतीक्षागृहांत ज्या कुंड्या दिसतात, त्यांतील कितीतरी झाडे वडाच्याच गोत्रातील असतात, हे मात्र सहसा कोणाच्या ध्यानी येत नाही. जाड, चकचकीत, गर्द पानांचे रबराचे झाड. बारीक पानांचे आणि खाली झुकलेल्या फांद्यांचे बेंजामिना. व्हायोलिनच्या आकाराची मोठी पाने मिरवणारे लायराटा. उथळ पात्रात फुगीर मुळांवर बसलेला नांद्रुकाचा बोन्साय, ही सारी 'फायकस' या एकाच प्रजातीची अपत्ये. आपले वड, पिंपळ, उंबर आणि अंजीर हेही त्याच कुळातले. जगभर या प्रजातीच्या आठशेच्या आसपास जाती आहेत.

यांपैकी रबराच्या झाडाची, म्हणजे 'फायकस इलॅस्टिका'ची, कथा येथे सांगण्याचा आमचा मानस आहे. हे झाड आज शोभेचे म्हणून विकत घेतले जाते आणि पुष्कळांना ते परदेशी वाटते. वास्तविक ते आपल्या ईशान्य भारताचे, ब्रह्मदेशाचे आणि मलाया-जावापर्यंतच्या अरण्यांचे आहे. माणसाने त्याच्याकडे तीन निरनिराळ्या गरजांनी पाहिले. ज्यांच्या अंगणात ते वाढले त्यांनी त्याचे मूळ उपयोगात आणले. व्यापाऱ्यांना त्याचा चीक हवा होता. दिवाणखान्याला केवळ त्याचे पान पुरले. कुंडीतील झाड नीट सांभाळावयाचे तर ही कुळकथा ठाऊक असणे अगत्याचे आहे, कारण त्याच्या निगराणीचे बहुतेक नियम तिच्यातूनच निघतात.

मूळ

अरण्यात या झाडाचा जन्म पुष्कळदा जमिनीवर होतच नाही. पाखराच्या विष्ठेतून पडलेले बी दुसऱ्या एखाद्या वृक्षाच्या बेचक्यात रुजते. आपल्याकडे जुन्या भिंतीवर किंवा देवळाच्या शिखरावर पिंपळ उगवतो, तोच हा प्रकार. तेथे माती नाममात्र, पाणी पावसाचे, ऊन पानांच्या छतातून गाळून येणारे. अशा स्थितीत रोप धीराने तग धरते आणि हळूहळू पारंब्यांसारखी मुळे खाली सोडते. ती जमिनीला टेकली की मग त्याचे खरे वाढणे सुरू होते.

खासी आणि जैंतिया टेकड्यांतील लोकांनी या मुळांचा स्वभाव ओळखला. चेरापुंजीचा परिसर हा जगातील सर्वाधिक पावसाच्या प्रदेशांपैकी एक. तेथे लाकडाचे किंवा बांबूचे पूल ओढ्यांच्या पुरात टिकत नाहीत आणि लवकर कुजतात. म्हणून काठावर रबराचे झाड लावावयाचे, त्याची कोवळी मुळे बांबूच्या आधाराने किंवा पोखरलेल्या सुपारीच्या खोडातून पैलतीरी न्यावयाची, तेथे ती रुजवावयाची आणि एकमेकींत गुंफत राहावयाचे, अशी रीत त्यांनी घडविली. पूल चालण्याजोगा होण्यास एक पिढी जाते. पुढे मात्र तो वयाबरोबर अधिकच बळकट होतो. हेन्री यूल या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८४४ साली बंगालच्या एशियाटिक सोसायटीच्या नियतकालिकात अशा पुलांचे वर्णन केले. २०२२ साली मेघालयातील या जिवंत पुलांचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत झाला. जो पूल बांधणाऱ्याला स्वतःला पुरता वापरता येईलच असे नाही, तो नातवंडांसाठी लावावयाचा, हा या रीतीतील विचार आम्हांला फार मोलाचा वाटतो.

चीक

दुसऱ्या पर्वाची सुरुवात मधाच्या एका टोपलीने झाली. १८१० सालच्या अखेरीस सिल्हेटच्या मॅथ्यू रिचर्ड स्मिथ यांनी कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानाचे अधीक्षक डॉ. विल्यम रॉक्सबर्ग यांच्याकडे उत्तरेच्या डोंगरांतून आलेला मध पाठविला. तो वेताच्या विणलेल्या टोपलीत भरलेला होता, तरी थेंबभरही गळत नव्हता. टोपलीला आतून एका झाडाचा चीक सारवलेला होता. रॉक्सबर्ग यांना मधापेक्षा त्या सारवणाचे कुतूहल अधिक वाटले. त्यांनी झाडाची रोपे मिळविली आणि त्याला लवचीकपणावरून 'इलॅस्टिका' हे नाव दिले. डोंगरातील लोकांना जे पूर्वापार ठाऊक होते, ते अशा रीतीने विज्ञानाच्या दप्तरी नोंदले गेले.

या नोंदीचा एक धागा मराठीशीही जुळतो. रॉक्सबर्ग १८१३ साली हिंदुस्थान सोडून गेले आणि १८१५ साली वारले. त्यांचा 'फ्लोरा इंडिका' हा ग्रंथ हस्तलिखितातच होता. तो संपादून १८३२ साली संपूर्ण स्वरूपात श्रीरामपुराहून प्रसिद्ध केला तो विल्यम केरी यांनी. हेच ते केरी, ज्यांचे मराठी भाषेचे व्याकरण १८०५ साली आणि मराठी-इंग्रजी कोश १८१० साली निघाला. सिल्हेटची टोपली ज्या वर्षी कलकत्त्यास पोहोचली, त्याच वर्षी मराठीचा हा कोश श्रीरामपूरच्या छापखान्यातून बाहेर पडला. शब्द गोळा करणे आणि वनस्पती गोळा करणे ही त्या काळी एकाच जिज्ञासेची दोन अंगे होती, हे यावरून दिसते.

पुढील काळात रबराचे महत्त्व झपाट्याने वाढले. १८२३ साली मॅकिंटॉश यांनी जलाभेद्य कापडाचे पेटंट घेतले; १८३९ साली गुडइयर यांना गंधकाच्या साहाय्याने रबर पक्के करण्याची युक्ती सापडली; १८८८ साली डनलॉप यांनी हवेची धाव निर्माण केली. मागणी वाढली तशी आसामच्या अरण्यांत चीक गोळा करणाऱ्यांची गर्दी झाली. मुळांवर आणि खोडावर खोल घाव घालून जेवढा निघेल तेवढा चीक काढून घेण्याची वहिवाट पडली, आणि शेकडो वर्षांची झाडे वठू लागली. तेव्हा सरकारच्या वनखात्याने १८७३ साली आसामातील चारद्वार येथे या झाडांची लागवड आरंभिली.

परंतु हा उद्योग फार काळ चालावयाचा नव्हता. १८७६ साली हेन्री विकहॅम यांनी ब्राझीलमधून 'हेविया' या दुसऱ्याच कुळातील वृक्षाचे सुमारे सत्तर हजार बी लंडनजवळील क्यू उद्यानात आणले. त्यांतून उगवलेली रोपे सिलोन व मलायाकडे गेली. हेवियाची साल कापल्यावर ती पुन्हा भरून येते, चीक पुन्हापुन्हा मिळतो आणि झाड काही वर्षांतच उत्पन्न देऊ लागते. आपल्या डोंगरी वृक्षाचा संथ स्वभाव व्यापाराच्या घाईत टिकणारा नव्हता. विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत तो बाजारातून जवळजवळ बाद झाला. 'रबराचे झाड' हे नाव तेवढे त्याच्याकडे राहिले. आज केरळात ज्याची लागवड होते तो रबरवृक्ष आणि आपल्या कुंडीतील रबराचे झाड यांचा कुळाचाही संबंध नाही.

पान

चिकाचा व्यापार चालू असतानाच हे झाड निराळ्या वाटेने युरोपात पोहोचले होते. 'फायकस इलॅस्टिका' हे नाव शास्त्रीयदृष्ट्या ग्राह्य अशा रीतीने प्रथम छापले गेले ते १८१९ साली, कोपनहेगनच्या वनस्पती उद्यानातील झाडांच्या यादीच्या पुरवणीत. म्हणजे रॉक्सबर्ग यांचा ग्रंथ निघण्याच्या कितीतरी आधी या डोंगरी वृक्षाने उत्तर युरोपच्या उद्यानयादीत जागा मिळविली होती.

काचघर ही मात्र राजेरजवाड्यांची आणि उद्यानांची मिरास होती. ती मध्यमवर्गीय घरात आली ती दोन कारणांनी. लंडनचे डॉक्टर नॅथॅनिएल वॉर्ड यांना १८२९ साली आढळले की, बंद काचपात्रात रोप आपल्याच ओलाव्यावर जगू शकते. १८३३ साली त्यांनी अशा काचपेट्यांतून रोपे सिडनीपर्यंत जिवंत पोहोचविली. दुसरे कारण करांचे. इंग्लंडमधील काचेवरील कर १८४५ साली आणि खिडक्यांवरील कर १८५१ साली उठला. खिडक्या मोठ्या झाल्या, खोल्यांत उजेड आला आणि उजेडाबरोबर कुंड्या आल्या.

तरीही त्या खोल्या झाडांना मानवणाऱ्या नव्हत्या. कोळशाचा धूर, गॅसचे दिवे, हिवाळ्यातील अंधूक प्रकाश यांत नाजूक फुलझाडे तग धरीत नसत. जी थोडी झाडे टिकली त्यांत रबराचे झाड होते. ज्याने बाळपण दुसऱ्या वृक्षाच्या बेचक्यात, मूठभर पाचोळ्यावर आणि अर्धवट उन्हात काढले, त्याला दिवाणखान्याचा कोपरा अगदीच अनोळखी नव्हता. जाड पानावरील मेणचट थर त्याचे पाणी राखतो, आणि धूळ बसली तरी ओल्या फडक्याने पुसता येते. जगण्याची हीच चिवट रीत त्याच्या शोभेला कारण झाली.

काचघरांची ही विद्या पुढे हिंदुस्थानच्या संस्थानी राजधान्यांत आली, आणि त्यांत बडोदे आघाडीवर होते. १८९० साली पूर्ण झालेल्या लक्ष्मीविलास राजवाड्याची उद्याने क्यू येथे तयार झालेले विल्यम गोल्डरिंग यांनी आखली. क्यू येथेच काम केलेले जर्मन उद्यानतज्ज्ञ गुस्ताव क्रुम्बिगेल १८९३ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांच्या सेवेत आले आणि पुढे १९०८ साली म्हैसूरला गेले. आपल्याच खंडातील झाडे पाश्चात्य बागकामाच्या चौकटीत पुन्हा आपल्याकडे येण्याचा हा काळ. सिल्हेटच्या डोंगरातील वृक्ष 'विलायती शोभेचे झाड' वाटू लागला, त्याचे मूळ या फेऱ्यात आहे.

आपल्या परंपरेत कुंडीला आणि वृंदावनाला स्थान होते. पण वड-पिंपळांना घरात जागा नव्हती. त्यांची जागा पारावर, वेशीवर, देवळापुढे. वटपौर्णिमेला बायका वडाकडे जात, वड घरी येत नसे. शहरांत वड दुर्मीळ झाले तेव्हा त्याच्या फांद्या तोडून बाजारात विकण्याची चाल पडली. झाडाची पूजा झाडालाच जखम करून होऊ लागली. अलीकडे काही घरांत त्याऐवजी कुंडीतले वडाचे रोप पुजतात. फांदी तोडण्यापेक्षा हे निश्चितच बरे, असे आमचे मत आहे.

विसाव्या शतकात रबराच्या झाडाला भावंडे मिळाली. त्यांतील बेंजामिनाचे नावच एका गोंधळातून आले. लिनीअस यांनी १७६७ साली ते दिले तेव्हा 'बेंझॉइन' हा सुगंधी ऊद याच झाडापासून मिळतो, असा समज होता. ऊद देणारे झाड वस्तुतः निराळेच. वडाची साल पिंपळाला लावण्याचे याहून नेमके उदाहरण क्वचितच सापडेल. १९५० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत भिंती काढून मोकळी कार्यालये मांडण्याची पद्धत निघाली. तिच्यात आडोशासाठी कुंड्या ठेवीत. पुढे कार्यालये, उपाहारगृहे आणि मोठी दुकाने यांतून बेंजामिना सर्वत्र पोहोचले. पश्चिम आफ्रिकेतील लायराटाला २०१० नंतरच्या दशकात विलक्षण मागणी आली.

या झाडांच्या विक्रीबरोबर एक समजही विकला जातो. नासाच्या १९८९ सालच्या अहवालात बंद पेटीतील हवेतून काही झाडे घातक वायू शोषतात, असे नोंदले होते. त्यावरून 'घरातील हवा शुद्ध करणारे झाड' ही जाहिरात निघाली. २०१९ साली अशा अनेक प्रयोगांचा एकत्र आढावा घेतला गेला. खिडक्या-दारांतून होणाऱ्या हवेच्या खेळाइतका परिणाम साधण्यासाठी दर चौरस मीटरला दहा ते हजार झाडे लागतील, असा त्याचा निष्कर्ष होता. खिडकी उघडणे हाच अधिक सोपा उपाय. झाड ठेवावे ते झाडासाठी.

निगराणी

आता या कुळकथेतून निगराणीचे काय धडे मिळतात ते पाहू.

पहिला धडा पाण्याचा. बेचक्यात जन्मलेल्या झाडाच्या मुळांना ओलाव्याइतकीच हवाही लागते. कुंडीच्या तळाशी पाणी साचले की मुळे कुजतात, आणि घरातील झाडे उपासापेक्षा अतिप्रेमानेच अधिक मरतात. वरची इंचभर माती कोरडी झाल्यावाचून पाणी देऊ नये; द्यावे तेव्हा तळाच्या भोकातून निथळेल इतके द्यावे आणि बशीतले पाणी ओतून टाकावे. थंडीत वाढ मंदावते, तेव्हा पाणीही कमी करावे. मातीत वाळू, कोकोपीट किंवा कुजलेला पाचोळा मिसळून ती भुसभुशीत ठेवावी.

दुसरा धडा उजेडाचा. या झाडांना सावली सोसते याचा अर्थ अंधार मानवतो असा नव्हे. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीजवळची जागा उत्तम. रंगीत, ठिपकेदार पानांच्या वाणांना हिरव्यापेक्षा अधिक उजेड लागतो, कारण त्यांच्या पानांत हरितद्रव्य कमी असते. पाने दर पंधरवड्यास ओल्या फडक्याने पुसावीत. धुळीचा थर उजेड अडवितो.

तिसरा धडा स्थैर्याचा. बेंजामिना घरी आणल्यावर पंधरा दिवसांत पानांचा सडा पडतो आणि माणसे घाबरून खत-पाण्याचा मारा करतात. भर उन्हात तयार झालेली पाने खोलीतल्या उजेडात झाडाला परवडत नाहीत. ती टाकून ते नव्या उजेडाला साजेशी पाने काढते. १९७० च्या दशकात फ्लोरिडातील उद्यानशास्त्रज्ञांनी हे ओळखून विक्रीपूर्वी झाडे काही काळ सावलीत सरावण्याची पद्धत रूढ केली. आपण एवढेच करावे : जागा एकदा ठरवावी आणि झाडाला धीर द्यावा.

चौथा धडा चिकाचा. फांदी छाटली की पांढरा चीक वाहतो. तो त्वचेला झोंबतो, कित्येकांना त्याची ॲलर्जी असते, आणि पोटात गेल्यास लहान मुलांना व पाळीव प्राण्यांना त्रास होतो. छाटताना हातमोजे घालावेत व काप ओल्या फडक्याने टिपावा. पानाखाली पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसल्यास ती कापसाने पुसून सौम्य साबणाच्या पाण्याने पाने धुवावीत.

पाचवा धडा मुळाचा, आणि तो खासी लोकांच्या विद्येशी जवळचा आहे. झाड फार उंच झाले तर खोडावर इंचभर रुंदीची साल वर्तुळाकार काढून तेथे ओले शेवाळ बांधावे, वर प्लॅस्टिक गुंडाळावे. हवेतच मुळे फोडण्याचा त्याचा जन्मजात गुण कामी येतो. काही आठवड्यांत तेथे मुळे दिसतात आणि तो भाग कापून नवे झाड करता येते. आपल्याकडे हेच गुटी कलम. नुसते पान मातीत खोचले तर त्याला मुळे येतात, पण डोळ्यावाचून कोंब फुटत नाही. ते पान महिनोन्‌महिने हिरवे राहते, झाड मात्र होत नाही.

उंबराचे फूल

कुंडीतील या झाडांना फळ क्वचितच दिसते आणि बी तर बहुधा धरतच नाही. याचे कारण आपल्या भाषेत दडलेले आहे. दुर्लभ गोष्टीला आपण 'उंबराचे फूल' म्हणतो. वस्तुतः उंबराला फुले असतात, ती फळाच्या आत असतात. तेथे पोहोचते ती एक चिमुकली माशी. उंबर फोडल्यावर उडणारी केंबरे आपण पाहिलेली असतात, त्यांतच ती असते. फायकसच्या बहुतेक जातींची माशी ठरलेली. ती माशी नसेल तर बी नाही. जगभर नेलेली रबराची झाडे म्हणूनच दीर्घकाळ केवळ कलमांवर वाढली. सिंगापुरात लावलेल्या झाडांपर्यंत अखेर त्यांची माशी पोहोचली आणि ती पुन्हा बीजप्रसार करू लागली, हे २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधनिबंधाने नोंदविले.

याचा अर्थ एवढाच की, कुंडीतील फायकस हे झाडाचे एक अंग आहे. त्याला पान आहे. पण माशी नाही, फळ नाही, फळासाठी येणारी पाखरे नाहीत, आणि मुळांना पसरावयास भुई नाही. रॉक्सबर्ग यांच्या ज्या उद्यानात रबराच्या झाडाची नोंद झाली, त्याच शिवपूरच्या उद्यानातील प्रसिद्ध वडाचे मूळ खोड बुरशीने सडल्यामुळे १९२५ साली काढून टाकावे लागले. वड मात्र पारंब्यांवर आजही उभा आहे. कुंडीतील झाडाला असा दुसरा जन्म नाही. त्याचे सारे भवितव्य आपल्या हाती असते.

म्हणून दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. कुंडीला न मावणारे झाड घराच्या भिंतीलगत किंवा नळाच्या वाटेवर लावू नये. ज्या मुळांनी पूल बांधले ती भिंतही उलथवितात. त्याला शाळेच्या, देवळाच्या किंवा स्मशानाच्या मोकळ्या आवारात, इमारतींपासून दूर जागा द्यावी. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. घरातील पानाची निगा राखताना रस्त्यावरच्या वडाकडे, पिंपळाकडे, नांद्रुकाकडे पाठ फिरवू नये. रस्तारुंदीसाठी जुना वड तुटतो तेव्हा पाखरांचे अन्न आणि वाटसरूंची सावली एकदमच जाते, आणि त्याची भरपाई शंभर कुंड्यांनीही होत नाही. ज्या गावाच्या नावात वड आहे, त्या गावात वडाचे गोत्र केवळ दिवाणखान्यात उरावे, ही वेळ येऊ न देणे आपल्या सर्वांच्या हाती आहे.